आधी खोट, मग भाव: ठाणाईच्या वशाची कहाणी

ऐक ठाणाईमाते, तुझी कहाणी. आणि बायांनो, पोरींनो, कहाणी सुरू करायच्या आधी एक सवाल आहे. बाजारात विश्वास कोणावर ठेवावा? आपल्या मालाची वाखाणणी करणाऱ्यावर, का आपल्या मालाची खोट सांगणाऱ्यावर? उत्तर आत्ता देऊ नका. अक्षता मुठीत धरा, उत्तर मनात धरा, आणि ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर, नगराला लागून लष्कराची छावणी. छावणीच्या वेशीवर लिंबाचं झाड, झाडाखाली शेंदूर ल्यालेली ठाणाई. पलटणी यायच्या, पलटणी जायच्या, ठाणाई तिथंच. वेशीसमोर माणकोजी आणि त्याची बायको अवडा फुटाणे विकायची. शिपाई होते तोवर फुटाणे खपले. मग लढाई संपली, पलटण हलली, फुटाण्यांना कोणी विचारीना.

छावणीत जुन्या सामानाचा लिलाव निघाला. ओव्हरकोट, कांबळी, बूट, तंबू, दोर. नगरातले मोठे व्यापारी आले, पितळ घेऊन गेले, लोखंड घेऊन गेले. कपड्याच्या ढिगाकडं कोणी बघेना. माणकोजीनं बोली लावली, ढीग त्याच्या गळ्यात पडला. फुटाण्यांच्या जागी कोट टांगले.

पहिल्या बाजारी माणसं आली, बघितलं, गेली. दुसऱ्या बाजारी आली, नाक दाबलं, गेली. तिसऱ्या बाजारी एक जण म्हणाला, "शेट, हे मेलेल्यांचे कोट. आमच्या घरात भूत नाचवायचं का?" लोक हसले. माणकोजी पण हसला. घरी आला, तेव्हा जेवला नाही.

मार्गशीर्षाचा पहिला मंगळवार आला. थंडी मरणाची. अवडा ठाणाईपुढं दिवा लावायला गेली, तों लिंबाखाली एक म्हातारी कुडकुडत बसलेली. म्हणाली, "बाई गं बाई, पांघरायला काही देशील?" अवडा धावत दुकानात गेली, करडं कांबळं आणलं. म्हणाली, "आजी, हे घे. पण बघ, या टोकाला कसर लागलीय, आणि इथं भोक आहे. भोक पायाकडं घे, म्हणजे वारं लागायचं नाही."

म्हातारी हसली. "अगं वेडे, फुकट देतेस आणि वर खोट सांगतेस?"

"फुकट दिलं म्हणून फसवायचं का, आजी?"

म्हातारी म्हणाली, "तुला मी एक वसा देते. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस." अवडा म्हणाली, "तो वसा कसा करावा?" तशी म्हातारी म्हणाली, "जुना माल घरात आला की आधी त्याचे खिसे चाचपावे. जे सापडेल ते कोणाच्या तरी घराची आठवण आहे असं समजून ठाणाईच्या नावानं कोनाड्यात ठेवावं. थंडीतलं पहिलं पांघरूण कुडकुडत्याला द्यावं. आणि गिऱ्हाईक आलं की आधी खोट सांगावी, मग भाव सांगावा." अवडानं पदर पसरून वसा घेतला. वर बघते तों म्हातारी नाही, कांबळं नाही.

मग अवडानं कोटांचे खिसे चाचपले. एकात सुपारी निघाली, एकात बटण निघालं, एकात गावच्या देवाचा अंगारा निघाला, कागदात बांधलेला. तिनं सगळं कोनाड्यात ठेवलं, हात जोडले. मेलेल्यांचे कोट म्हणून जी धास्ती होती ती तिची तिथंच गेली. ज्याच्या आईनं अंगारा बांधून दिला, त्याच्या कोटाला काय भ्यायचं?

दुसऱ्या दिवशी एक गुराखी बूट बघायला आला. अवडा म्हणाली, "दादा, डावा बूट घट्ट आहे, उजवा सैल आहे. दोन वेगळ्या शिपायांचे असतील." गुराखी म्हणाला, "आक्का, माझा उजवा पाय लहानपणी बैलानं तुडवला, तो रुंदच आहे. जन्मभर मला जोडा मिळाला नव्हता, आज मिळाला!" बूट घालून तो वेशीपर्यंत नाचत गेला. ही गोष्ट गावोगाव झाली. दुकानदारीण स्वतःच खोट सांगते म्हणे! मग रातपाळीचे राखणदार आले, दूधवाले आले, ट्रकवाले आले, डोंगर चढणारी कॉलेजची पोरं आली. माणकोजीचा माणकोजीशेट झाला. त्या गल्लीत आणखी दोन दुकानं निघाली, आणि लष्करानं मोडीत काढलेल्या मालाला डिस्पोजल म्हणतात, म्हणून गल्लीचं नावच डिस्पोजल गल्ली पडलं. अवडानं घरात शिसवी झोपाळा टांगला, आणि त्याला पहिल्या ढिगातला छावणीचा लांबलचक दोर चौपदरी करून लावला; दोराचं एक टोक कुजकं होतं, तिथं गाठ मारली.

पण बायांनो, बाजार म्हणजे पाणी. भरतं, ओसरतं.

छावणीतले लिलाव कमी झाले. लांबच्या शहरातले ठेकेदार यायचे, सगळा माल एकदम उचलून न्यायचे. गल्लीतल्या एका दुकानात मोबाइल आले, दुसऱ्यात वडापाव तळू लागले. माणकोजीच्या खुंट्या रिकाम्या झाल्या. आणि गंमत बघा, तेव्हाच गावातल्या पोरांना ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी कपड्यांचं वेड लागलं. गिऱ्हाईक दारात, माल नाही घरात. माणकोजी सकाळी दुकान उघडायचा, रिकाम्या खुंट्या पुसायचा, संध्याकाळी बंद करायचा. अवडाला त्याच्याकडं बघवेना.

तेव्हा गुलाबराव नावाचा एक दलाल आला. खुर्चीवर बसला, पाय हलवीत म्हणाला, "शेट, छावणीचा माल छावणीतूनच यायला पाहिजे, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? माझ्याकडं शिंपी आहेत, रंगारी आहेत. कोट देतो, बूट देतो, दोर देतो. फक्त नवेकोरे दिसतात, तेवढं तुम्ही बघा."

मग काय झालं? कोट विटेनं घासले. दोर कच्च्या काथ्याचे, ते चहाच्या पाण्यात बुडवले. बूट चिखलात घातले, वरून बैलगाडी नेली. रबरी शिक्का करून छावणीचा छाप मारला. जगात लोक जुन्याचं नवं करून विकतात, माणकोजीनं नव्याचं जुनं करून विकलं!

अवडा म्हणाली, "अहो, गिऱ्हाइकाला खोट काय सांगू?"

माणकोजी म्हणाला, "अगं, माल नवा आहे. नव्याला खोट कुठली? सांगूच नकोस."

अवडाला ते पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं. चहाचं पातेलं तिनंच चुलीवर ठेवलं. कोटांचे खिसे चाचपले, पण नव्या कोटाच्या खिशात काय सापडणार? कोनाडा रिकामा राहिला. मार्गशीर्ष आला, मंगळवार आला, पहिलं पांघरूण द्यायचं राहिलं. अवडा उतली, मातली, वसा टाकला.

वैशाख आला. अवडाचा धाकटा भाऊ भिवा दुकानात आला. तो विहिरींतला गाळ काढायचा. कमरेला दोर बांधून खोल उतरायचं, असं त्याचं काम. म्हणाला, "आक्का, जुना दोर झिजला. उद्या आमच्या गावच्या मोठ्या विहिरीत उतरायचंय. मिलिटरीचा एक दोर दे."

दुकानात गिऱ्हाइकं होती. गुलाबराव खुर्चीत होता. माणकोजी तिच्याकडं बघत होता. भिवानं दोर उचलला, ओढून बघितला, हसून म्हणाला, "बोल, याच्यात खोट काय?"

अवडाच्या जिभेवर शब्द आला. गुलाबराव खाकरला. शब्द मागं फिरला.

"काही खोट नाही," अवडा म्हणाली.

"तू म्हणालीस, म्हणजे झालं," भिवा म्हणाला. दोर खांद्यावर टाकून निघून गेला.

सकाळी अवडा झोपाळ्यावर बसली. वर कड्या कुरकुरल्या, तिनं मान वर केली. पहिल्या ढिगातला दोर, किती वर्षांचा, अजून तसाच. आणि भिवाला दिलेला? कच्चा, चहात बुडवलेला. माणकोजी म्हणाला, "काय झालं?" अवडा उठली. झोपाळा सोडला, दोर काढला, खांद्यावर घेतला, आणि अनवाणी भावाच्या गावाची वाट धरली.

वाटेत फटफटीवर दूधवाला भेटला. अवडा म्हणाली, "दादा, मला पुढं सोड. माझ्या भावाच्या जिवावर बेतलंय." दूधवाला म्हणाला, "कशी सोडू, वैनी? तुमच्या दुकानचा कोट घालून पावसात गेलो. रंग उतरून कॅनमध्ये गेला. गिऱ्हाइकं विचारतात, म्हैस कुठला पाला खाते!" अवडा म्हणाली, "होय दादा. कोट खोटा होता. दलालानं केला." दूधवाल्यानं तिला ओढ्यापर्यंत नेलं. पुढं नेलं नाही.

ओढ्यापाशी ट्रॅक्टरवाला भेटला. अवडा म्हणाली, "भाऊ, मला पुढं सोड." तो म्हणाला, "कशी सोडू? तुमचे बूट घालून मेव्हण्याच्या वरातीत नाचलो. बुटाचा तळवा उडाला, तो नवरीच्या मांडीवर पडला. सासुरवाडीत अजून मला तळवेपाव्हणे म्हणतात!" अवडा म्हणाली, "होय भाऊ. बूट खोटे होते. आमच्या घरधन्यानं विकले." ट्रॅक्टरवाल्यानं तिला माळापर्यंत नेलं. पुढं नेलं नाही.

माळावर ऊन रणरणत होतं. एका लिंबाखाली म्हातारी बसलेली, अंगावर करडं कांबळं. अवडा म्हणाली, "आजी, वैशाखात कांबळं?"

म्हातारी म्हणाली, "हे मला एकीनं खोट सांगून दिलं होतं. म्हणून अजून टिकलंय. तू कुठं निघालीस?"

"भावाला गाठायला. माझ्या दुकानचा दोर घेऊन तो विहिरीत उतरतोय. दोर खोटा आहे."

"कोणी केला?"

अवडाच्या तोंडात दलालाचं नाव आलं, ते तिनं गिळलं. नवऱ्याचं नाव आलं, तेही गिळलं. मग म्हणाली, "मी. चहात बुडवला मी, विकला मी. भावानं तोंडावर विचारलं, तेव्हा खोट नाही म्हणाले ती मी."

म्हातारीनं शेतातली पायवाट दाखवली. "मग पळ. अजून वेळ आहे."

अवडा पळाली. पायांना काटे लागले, पळाली. पदर बाभळीला अडकला, फाडला, पळाली. विहिरीवर पोहोचली तों चार गडी दोर धरून उभे, आणि भिवा विहिरीत निम्म्यावर लोंबकळतोय. दोराचा एक पदर तुटलेला. अवडा ओरडली, "ओढू नका! कडेला घासेल!" बोलेपर्यंत दुसरा पदर तुटला. गडी जागच्या जागी थिजले.

अवडानं झोपाळ्याचा दोर कप्पीच्या खांबाला बांधला, खाली सोडला. विहिरीवर ओणवी होऊन म्हणाली, "भिवा, ऐक! ह्या दोराला खोट आहे! खाली गाठ आहे, गाठीखालचा हातभर तुकडा कुजकाय. त्याला भार देऊ नकोस. गाठीच्या वर धर!"

विहिरीतून आवाज आला, "आता बोलली माझी आक्का!"

भिवानं गाठीच्या वर धरलं, अंगाला वेटोळं दिलं. तिसरा पदर तुटला, खोटा दोर पाण्यात पडला. भिवा पडला नाही. गड्यांनी त्याला वर घेतला.

कठड्याला टेकून तो धापा टाकत बसला. मग म्हणाला, "चूक माझीच. खोट नाही म्हणालीस, तिथंच मला कळायला हवं होतं. जन्मात तू असं कधी बोलली नव्हतीस." अवडानं भावाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली.

ती घरी आली. सगळं सांगितलं. माणकोजी ऐकत होता, ऐकता ऐकता त्यानं रबरी शिक्का उचलला आणि चुलीत टाकला. गुलाबराव म्हणाला, "शेट, वेडे झालात का? एवढा माल आहे, त्याचं काय?" माणकोजी म्हणाला, "मालाचं आम्ही बघतो. तू खुर्ची सोड."

खोटे दोर अवडानं कापून टाकले, ते तर विकायचेच नव्हते. ज्याचा कोट विटला त्याला दुसरं कापड दिलं, ज्याचा तळवा उडाला त्याला खरे बूट मिळवून दिले. उरल्या कोटांवर पाटी लावली: "हे छावणीचे नाहीत. नगरात शिवलेत, विटेनं घासलेत, पावसात रंग सोडतात." माणकोजी म्हणाला, "असं वाचून कोण घेणार गं?" पण लोक आले, वाचलं, हसले, आणि नाटकवाल्यांनी, शाळावाल्यांनी कोट नेले. नाटकात कुठं पाऊस पडतो?

पूर्वीसारखी भरती काही आली नाही. पण ओहोटी थांबली. भिवाच्या धंद्यातले लोक दोराला तिच्याकडंच येऊ लागले, डोंगर चढणारी पोरं परत आली. पुढच्या थंडीत छावणीत एक लहानसा लिलाव निघाला, माणकोजीनं थोडे कोट आणले. अवडानं खिशात हात घातला, अंगाऱ्याची पुडी हाताला लागली. कोनाडा पुन्हा भरला.

मंगळवारी ती ठाणाईला गेली. देवीपुढं एक करडं कांबळं घडी घालून ठेवलेलं. तिनं उलगडून बघितलं. टोकाला कसर होती. भोक होतं तिथंच होतं. देवीनं ते रफू केलं नव्हतं, आणि लपवलंही नव्हतं. अवडानं हात जोडले. मागं वळली तों एक हमाल लिंबाखाली कुडकुडत उभा. ती म्हणाली, "दादा, हे घे. पण आधी बघ, इथं भोक आहे."

जशी ठाणाई अवडाला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो, तुमचे भाऊ विहिरीतून वर येवोत. साठ बोलांत सांगायची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती देवीच्या पायी सुफळ होवो. आता मुठीतल्या अक्षता वाहा, मनातलं उत्तर तुमचं तुम्हाला ठाऊक. आणि बायांनो, घरी जाऊन हिशेब लिहायला बसाल, तेव्हा एवढं माझं ऐका: खरं तेवढंच लिहा, आणि खोट असेल ती आधी लिहा.