गुंजेचा डोळा

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला मागेल ते मिळत होते. खरे तर गोष्ट इथेच बिघडली.

राजाचे नाव भानुपाळ. राणीचे नाव कमलजा. मुलगा शंखपाळ आठ वर्षांचा, मुलगी चंपाकळी पाच वर्षांची. एके दिवशी दरबारात कुहकेश नावाचा मांत्रिक आला. त्याने एक काळी पेटी राजापुढे ठेवली.

"राजा, या पेटीपुढे फक्त मागावे. मागशील ती वस्तू तयार मिळेल. अट एकच. पेटी ज्या घरात राहील, त्या घरात वर्षाला एक तरी वस्तू हाताने करून पुरी झाली पाहिजे. वर्ष रिकामे गेले, तर पेटी घरातल्या माणसांनाही आपलीच वस्तू समजेल."

राजा हसला. "एवढे मोठे घर. वर्षभरात कोणी ना कोणी काहीतरी करीलच."

या 'कोणी ना कोणी' नावाच्या माणसावर राजेलोकांचा फार विश्वास असतो. मांत्रिकाने मान डोलावली आणि तो आला तसा गेला.

पेटी रोज सकाळी विचारी, "काय हवे?" राजा मागे आणि झाकण उघडे. वस्त्रे निघाली, शस्त्रे निघाली, वाफाळती पक्वान्ने निघाली. आचाऱ्यांना काम उरले नाही, ते गेले. शिंपी गेले, सुतार गेले. मग सारे नगर पेटीपुढे रांग लावू लागले. कुंभाराचे चाक थांबले. आया अंगडी-टोपडी शिवायच्या थांबल्या. सहा महिन्यांत लोकांचे हात इतके विसरले की सुटलेली नाडी बांधायलाही माणसे पेटीकडे येऊ लागली.

त्या वर्षात राजाकडे तीन माणसांनी तीन गोष्टी मागितल्या. शंखपाळ म्हणाला, "बाबा, शेतावरच्या पोरांकडे ज्वारीच्या दांड्यांची, ताटांची गाडी असते, तशी मला करून द्या." राजाने पेटीकडे बोट दाखवले. पेटीतून सोन्याची गाडी निघाली. चंपाकळी म्हणाली, "मला चिंध्यांची बाहुली करून द्या." राजाने पुन्हा बोट दाखवले. हस्तिदंती बाहुली निघाली, तिला पापण्याही मिटता येत. राणीनेही एक गोष्ट मागितली. तिला राजा "करतो" म्हणाला आणि विसरला. तो विसरला, तेव्हा मीही ती आत्ता सांगत नाही.

वर्ष भरले त्या दिवशी राजा सीमेवरचे किल्ले पाहायला गेला होता. परत आला तो महाल शांत होता. राणी खिडकीशी उभी होती. शंखपाळ पायरीवर बसला होता. चंपाकळी पलंगावर पाय सोडून बसली होती. तिघेही लाकडाचे झाले होते. गालांवर रंग होता, डोळ्यांत रंग होता, आणि हाताला हात लावला तर तो थंड होता. पेटीने घरातल्या माणसांना घेतले. राजा तेव्हा घरात नव्हता. तो तसाही घरात फारसा नसे.

राजाने पेटीपुढे डोके आपटले. "माझी राणी दे."

झाकण उघडले. आत एक राणी होती. लाकडाची, कमलजेहून देखणी, रंग अजून ओला. राजाने झाकण लावले आणि त्यानंतर तसले काही मागितले नाही.

मग त्या महालात राजा एकटा राहिला. किती एकटा, ते सांगतो. तो चार ताटे मांडी आणि एक ताट उष्टे करी. सकाळी तिघांच्या अंगावरची धूळ पुसी. शंखपाळाला "उन्हात बसू नकोस" म्हणे आणि त्याला उचलून सावलीत ठेवी. उत्तर कोणाचे येत नसे. दिवसाकाठी एकच आवाज त्याच्या कानी पडे, "काय हवे?" त्या आवाजाचीही त्याला सवय झाली, आणि कधीकधी तर तो त्याची वाट पाही. माणूस एकटा पडला की असे होते.

असे नऊ महिने गेले. एका दुपारी जेवताना राजा आपला असाच म्हणाला, "आज भाजीत मीठ कमी आहे."

"पेटीला सांगा," कोणीतरी म्हणाले.

राजाने वर पाहिले. चंपाकळीच्या खिडकीत चिंध्यांचा एक राघू टांगलेला होता. हिरवे अंग, लाल चोच, आणि एका बाजूला गुंजेचा एकच डोळा. दुसऱ्या बाजूला नुसते कापड होते.

"तू बोलतोस?"

"बोलतो. आजवर माझ्या देखत कोणी उत्तर द्यावे असे काही बोलले नाही."

"राघू, ही माणसे सुटतील कशी?"

"महाराज, तीन माणसांनी तुमच्याकडे तीन गोष्टी मागितल्या. त्या तुम्ही आपल्या हाताने करा. तीन महिने उरले आहेत. दुसरे वर्ष भरले की पेटी आपल्या वस्तू आत घेते आणि मग उघडत नाही."

"गाडी आठवते. बाहुली आठवते. राणीने काय मागितले होते?"

"आठवा."

"तू सांग."

"माझ्या तोंडून ते मागणे ठरेल. मागणे पेटी ऐकते. पेटीने दिले की ते कायमचे तिचे."

राजा निघाला. पेटीतला घोडा वेशीपर्यंत चालला आणि तिथे खुंट्यासारखा उभा राहिला. राजा पुढे पायी गेला. तीन नद्या ओलांडल्यावर एक ज्वारीचे शेत लागले. शेतात चार खांबांवर उभारलेला एक माळा, आणि माळ्यावर गोफण घेऊन बसलेला म्हातारा राखणदार कोंडिबा. त्याने पेटीचे नावही ऐकले नव्हते. राजा तर त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"ज्वारीच्या ताटांची गाडी करायला शिकवाल का?" राजाने विचारले.

"कुनासाठी, बाबा?"

"मुलासाठी."

"मग बस."

कोंडिबाने ताट सोलून दाखवले. वरची साल वेगळी, आतला पांढरा मऊ भेंड वेगळा. भेंडाचे तुकडे जोडायचे, सालीच्या बारीक काड्या खिळ्यांसारख्या त्यांत खुपसायच्या, सालीची पट्टी वाकवून चाक करायचे. ऐकायला सोपे होते. राजाची बोटे पहिल्याच दिवशी सालीने कापली. नऊ गाड्या मोडल्या. दहावी उभी राहिली, जरा लंगडी, पण गाडी होती. तीन चाके लावून झाली तेव्हा कोंडिबाने चौथे त्याच्या हातात सुटे दिले.

"हे घरी गेल्याव."

राजाने मान हलवली. पण वाटेत त्याच्या मनात आले की अपुरी वस्तू राजाने कोणाला द्यावी, हे शोभत नाही. नदीच्या काठी बसून त्याने चौथे चाक घट्ट लावून टाकले.

गाडी त्याने शंखपाळाच्या लाकडी मांडीवर ठेवली. "बघ, मी केली आहे." शंखपाळाने पाहिले नाही. राजा संध्याकाळपर्यंत पायरीवर त्याच्या शेजारी बसून राहिला. "काय हवे?" पेटीने विचारले. राजाने कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या खेपेला तो जुन्या कपड्यांचे गाठोडे घेऊन गेला. कोंडिबा आपली गोधडी आपणच शिवी, त्याच्यापाशी दाभण होते, दोरा होता. बायको जाऊन वीस वर्षे झाली होती. "आधी तिच्या हातचं ठिगळ वळखू यायचं," तो म्हणाला, "आता समदी माझीच झाली." मग बराच वेळ तो पाखरे हाकलत राहिला.

गाठोड्यात राजाचे एक जुने उपरणे होते. त्याच्या टोकाला एक टणक गाठ होती. राजा ती सोडवू लागला तसा कोंडिबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. आयतं डोकं झालं बाहुलीचं." गाठीभोवती चिंध्या गुंडाळल्या, डोके झाले. हात झाले, पाय झाले. राजाने आपल्या हाताने ओठ शिवले, तेही जरा हसरे. मानेभोवती दोरा फिरवून झाल्यावर कोंडिबाने त्याचा हात धरला.

"श्येवटची गाठ पोरीला मारू दे."

या वेळीही राजाने मान हलवली. आणि या वेळीही, दुसरी नदी ओलांडताना बाहुलीची मान सैल झाली म्हणून, त्याने गाठ मारली. एक नाही, दोन मारल्या.

चंपाकळीही जागी झाली नाही. राजाने बाहुली तिच्या ओंजळीत ठेवली आणि तो त्या रात्री जेवला नाही. चार ताटेही मांडली नाहीत.

"राघू, तू मला फसवलेस."

"नाही, महाराज."

"दोन्ही वस्तू हाताने केल्या. दोन्ही पुऱ्या केल्या."

"होय, पुऱ्या केल्यात," राघू म्हणाला.

तिसऱ्या खेपेला राजा रिकाम्या हाताने गेला. काय शिकायला जायचे ते त्याला ठाऊक नव्हते, पण महालात बसवेना. वर्ष भरायला चार दिवस उरले होते. शेतात ज्वारी कापून झाली होती आणि कोंडिबा माळा उतरवत होता.

"पोरं खेळली का, बाबा?"

"नाही."

कोंडिबाने हातातला बांबू खाली ठेवला. "चाक कुनी लावलं?"

"मीच."

"आन गाठ?"

"मीच."

"समदं तूच केलंस. मग त्यांनी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?" म्हातारा रागावला नव्हता. त्याला वाईट वाटले होते. "आरं, घरच्या मानसाला काय द्यायचं तर त्यात त्याच्या हातापुरती जागा ठेवावी लागती. तुझ्यासाठी कुनी कंदी ठेवलं न्हाई व्हय काय?"

राजा उभा होता तिथेच बसला.

त्याला आठवले. पेटी येऊन काही दिवसच झाले होते. कमलजा हिरव्या चिंध्यांचा राघू घेऊन त्याच्यापुढे आली होती. "महाराज, एक डोळा मी लावला आहे. एक तुम्ही लावा. घर दोघांचे आहे." तिने भोक पाडलेली एक गुंज त्याच्या तळहातावर ठेवली होती. तो कुठेतरी निघाला होता. "करतो," म्हणाला होता, आणि विसरू नये म्हणून गुंज उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. मग तो गाठही विसरला आणि उपरणेही. आणि राणी हट्टी. दुसरा डोळा तिला सहज लावता आला असता, पण ती वर्षभर वाट पाहत राहिली. राघू अपुरा राहिला, म्हणून वर्ष रिकामे गेले.

"कोंडिबा, एक सुई द्या," राजा म्हणाला.

तो तीन नद्या जवळजवळ धावतच ओलांडून आला. शेवटच्या दिवशी ऊन उतरताना महालात शिरला, तेव्हा पेटीचे झाकण आपोआप उघडू लागले होते, बोटभर, मग वीतभर. राजाने चंपाकळीच्या ओंजळीतून बाहुली घेतली. आपल्याच हाताने मारलेल्या दोन गाठी सोडवल्या. किती घट्ट मारल्या होत्या! चिंध्या उलगडल्या, उपरण्याचे टोक निघाले. ती गाठ बोटांनी सुटेना, त्याने दातांनी सोडवली. लाल गुंज जमिनीवर पडली आणि घरंगळत पलंगाखाली गेली. ज्याच्यापुढे माणसे वाकत, तो राजा गुडघ्यांवर आणि कोपरांवर पलंगाखाली शिरला.

सुईत दोरा जाईना.

"काय हवे?" पेटीने विचारले. "ओवलेली सुई?"

राजा बोलला नाही. दोरा ओला केला, पुन्हा चुकला.

"काय हवे? लावलेला डोळा?"

राजाने ओठ मिटले. दोरा गेला. त्याने राघूला मांडीवर घेतले आणि एक टाका घातला. टाका वाकडा गेला. दुसरा घातला. बोट टोचले, रक्ताचा थेंब हिरव्या कापडावर पडला. तिसऱ्या टाक्याला त्याने गाठ मारली.

राघूने मान फिरवून एका डोळ्याने राजाकडे पाहिले, मग दुसऱ्याने.

"खाली लागला आहे," मागून कोणीतरी म्हणाले.

राजाला वळवेना. वर्षभर त्याने हा आवाज मनात इतक्या वेळा ऐकला होता, की खरा वाटेना. कमलजा खिडकीपासून चालत आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"उसवू का?" राजाने विचारले.

"नको. असाच राहू द्या."

मग राजाने लंगड्या गाडीचे चौथे चाक काढले आणि शंखपाळापुढे धरले. नुसते धरले. लाकडी बोटे हलली. त्यांनी चाक घेतले, उलटे लावले, काढले, सुलटे लावले. बाहुलीची राजाने पुन्हा घडी बसवली, मानेभोवती दोरा फिरवला आणि दोन्ही टोके चंपाकळीच्या मुठीत दिली. तिला गाठ मारता येत नव्हती. तिने नुसते पिळे दिले आणि बाहुली छातीशी धरली. तेवढे पुरले.

सूर्य बुडाला. "काय हवे?" पेटीने विचारले. उत्तर आले नाही. शंखपाळाला बैल हवे होते आणि राजा त्याला साल कशी सोलायची ते दाखवत होता. राणी बाहुलीला परकर बेतत होती. चंपाकळी दोरा गुंतवत होती. पेटीने पुन्हा विचारले, पुन्हा विचारले. मग तिचे झाकण हळूच लागले. तिसऱ्या दिवशी कुहकेश आला, पेटी काखेत मारली आणि घाईने गेला.

नगरात कुंभाराचे चाक पुन्हा फिरले. पहिली मडकी वेडीवाकडी झाली, पण त्यांत पाणी राहिले. लोक आपली नाडी आपण बांधू लागले.

पुढच्या हंगामात राजाने माणसे पाठवून कोंडिबाला मानाने बोलावले. तो आला नाही. म्हणाला, "पाखरं हाकलायची हायेत." तेव्हा राजा, राणी आणि दोन्ही मुले पायी त्याच्याकडे गेली. जाताना त्यांनी एक गोधडी नेली, चौघांनी मिळून शिवलेली. तिच्या एका कोपऱ्यात ठिगळाएवढी जागा तशीच सोडली होती. कोंडिबाने ती पाहिली. मग आपल्या गाठोड्याच्या तळातून त्याने लुगड्याचा एक जुना, विटका तुकडा काढला आणि सुईसाठी हात पुढे केला.

राघू अजून त्या खिडकीत आहे. त्याला एका डोळ्याने आकाश दिसते आणि दुसऱ्याने अंगण. माझी गोष्ट सांगून झाली. शेवटची गाठ मारलेली नाही, दोऱ्याची टोके तुमच्या हातात आहेत.