बेलभंडाऱ्याचं ताट

काय बोलतोय ते ऐकावं म्हणून गेलो आणि अडकलो. सभा चारची, उमेदवार हिंदुराव उगवले सहाला. बसून बसून पायांना मुंग्या आल्या, पण उठावं तर वाटेवर त्यांचीच माणसं उभी.

भाषण आटोपलं तसं हिंदुरावांनी बेलभंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "उचला आणि खंडोबाची शपथ घ्या, मत मलाच देणार! जो उचलणार नाही त्याचं नाव लिहून घ्या रे."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. खंडोबाची शपथ मोडायची छाती आमच्या गावात कुणाची नाही. घेतली तर मत गेलं, नाही घेतली तर उद्यापासून वैर.

ताट पहिलं आलं तान्हूबाई कुंभारणीपुढं. म्हातारी कमरेवर हात देऊन उठली.

"उचलते की! पण आमच्यात शपथ मागणारा आधी उचलतो. साहेब, तुमचा हा तिसरा पक्ष. निवडून आल्यावर चौथा धरणार नाही, एवढं म्हणा आणि उचला."

हिंदुरावांनी हात पुढं केला, भंडाऱ्याकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"मावशी, राजकारणात देवाला आणू नये."

"मग न्या की माघारी," तान्हूबाई म्हणाली, "तुमच्याच गाडीतनं आलाय."