दहा वर्षांची मुदत

सोनगिरी देशाचे पंतप्रधान रायाजीराव संसदेत गरजले, "पाच वर्षांत कामं उरकत नाहीत. निवडणूक दहा वर्षांनीच घ्या, सुरुवात आपल्यापासून!"

बहुमत त्यांचंच होतं. सभापती जिवबादादा जड मनाने मतदान पुकारणार, तोच विरोधी बाकावरच्या गोदाक्का उठल्या.

"आमचा पाठिंबा आहे. फक्त सुरुवात पुढच्या निवडणुकीत जिंकणाऱ्यांपासून करा."

रायाजीराव उसळले, "आणि तुम्ही जिंकलात तर? दहा वर्षं तुम्हाला हलवायचं कुणी?"

"अगदी हेच विचारायला मी उठले होते," म्हणत गोदाक्का बसल्या.

हयातभर भाषणं ऐकलेले जिवबादादा थक्क होऊन त्यांच्याकडे पाहतच राहिले. भानावर येऊन त्यांनी मतदान पुकारलं, तेव्हा रायाजीरावांचा स्वतःचाही हात वर गेला नाही.