सुतक कुणाला

चूक सोमगिरी महाराजांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मठात ते कुणी बोलणार नाही.

"सुतक लागतं का, महाराज?"

महाराज सहाणेवर चंदन उगाळत होते. हात थांबला नाही.

"हे तू मला विचारतोस?"

विचारणारा हेरंबशास्त्री होता. तेरणेकाठच्या त्या गावात कुणी गेलं की लोक आधी त्याच्या दारात यायचे. चुलत्याचं किती दिवस, मावशीचं किती, बातमी उशिरा कळली तर कधीपासून... हेरंब पोथी न उघडता सांगायचा. त्याचा त्याला माज होता.

आज स्वतःपुरतं सांगता येत नव्हतं.

"दत्तविधान झालं नव्हतं," तो म्हणाला. "संस्थेच्या कागदांवर सह्या तेवढ्या झाल्या होत्या. आणायला जायचं राहिलं. मी पोरीला पाहिलंसुद्धा नाही. शास्त्राने सुतक नाही."

"मग झालं तर."

"रेवती ऐकत नाही. परवापासून चूल पेटवली नाही. चटईवर बसून आहे. म्हणते, बाप असाल तर आत येऊन बसा, नसाल तर मठातच राहा."

पोरगी दोन वर्षांची होती. नाव तारा. रेवतीने तिला कधी हात लावला नव्हता. पण संस्थेतल्या मावशींच्या मागे लागून तिने पोरीच्या उंचीएवढा दोरा कापून मागवला होता. पाकिटातून आलेला तो दोरा भिंतीला लावून ती फ्रॉक बेतायची आणि भिंतीशी बोलायची. "हात वर कर गं. नुसती चुळबुळ!"

हेरंबलाही एकदा त्या दोऱ्याशी बोलावंसं वाटलं. तो घाबरला आणि महाराजांकडे आला.

महाराज तेव्हा म्हणाले होते, "डोळ्यांनी बघेपर्यंत जीव लावू नकोस. आणि पितृपक्षात तर आणूच नकोस. पंधरा दिवसांनी काय बिघडतं?"

म्हातारे असे सल्ले देतात आणि दुपारी निवांत झोपतात.

पितृपक्षाच्या अकराव्या दिवशी पोरगी न्यूमोनियाने गेली.

"आजारी असल्याचं कळलं होतं?" महाराजांनी विचारलं.

"...हो."

"कुणाला?"

"फोन मी घेतला. दवाखान्यात ठेवलंय, मावशी म्हणाल्या. आईवडिलांपैकी कुणी येतंय का, विचारत होत्या."

"मग?"

"सर्वपित्री झाली की येतो, म्हटलं."

"रेवती काय म्हणाली?"

हेरंबने सहाणेकडे पाहिलं.

चंदन उगाळणारा हात थांबला.

"तिला अजून माहीत नाही?"

"नाही..."

बाहेर कुणीतरी पूजेसाठी फुलं आणून ठेवली. महाराजांनी तिकडे पाहिलं नाही.

"दोरा कुठंय?"

दोरा हेरंबच्या खिशात होता. सकाळी रेवतीने तो त्याच्या अंगावर फेकला होता.

महाराज उठले. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं वर ताणलं. दोरा कमरेच्या खालीच संपला. त्या टोकावर त्यांनी तळहात पालथा धरला. लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

बराच वेळ ते तसेच वाकून उभे राहिले. हात काढला नाही.

"महाराज... पूजेची वेळ टळतेय."

"देव आज पारोसा राहील. मला सुतक आहे."

"तुम्हाला?" एवढ्यातही हेरंबमधला शास्त्री जागा झाला. "संन्याशाला सुतक नसतं, महाराज. सख्ख्या बापाचंही नसतं!"

महाराजांनी दोरा गुंडाळून त्याच्या हातावर ठेवला.

"घरी जा. आधी फोनचं सांग. मग ती बसू देईल तर बस."

"आणि तुम्ही?"

महाराजांनी खांद्यावरची भगवी छाटी उतरवली, घडी घातली आणि सहाणेशेजारी ठेवून दिली.

"चाळीस वर्षांचा संन्यास गेला, हेरंबा."