राजेसाहेबांचे नवे बिरुद

विषय: 'पॉम्पस' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ दरबारात सादर करणेबाबत.

संदर्भ: कुंभेरी संस्थानच्या दसरा दरबारात गोऱ्या साहेबाने मारलेला शेरा.

साहेब राजेसाहेबांकडे पाहून मडमेच्या कानात म्हणाला, "पॉम्पस!" राजेसाहेबांचे इंग्रजी गुंजभर, ऐट मणभर. शब्द वजनदार वाटला, म्हणून त्यांनी तो आपल्या बिरुदांना जोडला. अर्थ मागाहून विचारला, तोही इंग्रजी शिकवणाऱ्या तांबवेकर मास्तरांना.

मास्तरांनी हात जोडले. "सरकार, हे बिरुद... नसलेलं बरं."

"अर्थ सांगा! खराच सांगा. आणि ऐकून आम्हाला राग आला, तर जन्मभर कोठडी!"

मास्तर गप्प राहिले. गप्प राहिल्याबद्दल कोठडी मिळाली.

त्यांची मुलगी आवडी कोठडीच्या गजांपाशी भाकरी घेऊन गेली. "बाबा, अर्थ तरी काय त्याचा?"

"आपला थाट ज्याला जिवाहून मोठा वाटतो आणि ज्याला बघून लोकांना हसू येतं, तो पॉम्पस."

आवडी थेट दरबारात गेली. "सरकार, अर्थ मी सांगते. पण पंगतीत. आणि ठेचा मी वाढणार!"

"राग आला तर तूही आत जाशील, पोरी."

"जाईन की!"

राजेसाहेबांनी स्वतःच एक नियम केला होता. चोपदाराने सगळी बिरुदे पुकारल्यावरच त्यांना पाणी द्यायचे. आधी देईल त्याला फटके!

पंगत बसली आणि ठेच्याच्या पहिल्याच घासाला राजेसाहेबांना ठसका लागला. डोळे बाहेर आले. "पा... पाणी!"

आवडी तांब्या धरून जागची हलली नाही. "नियम आहे, सरकार!"

चोपदार घाबरून भराभर सुटला, "रणधुरंधर, प्रजाप्रतिपालक, अरिमर्दन..."

राजेसाहेबांनी बोट वर केले. "ग... गजकेसरी राहिलं!"

"हाच अर्थ, सरकार!" आवडी म्हणाली. "जीव गेला तरी चालेल, बिरुद सुटता कामा नये!" आणि तिने तांब्या पुढे केला.

राजेसाहेबांनी तो घटाघट रिकामा केला.

"राग आला का, सरकार?"

"राग यायला अंगात श्वास नको का, कार्टे!" म्हणत राजेसाहेब पोट धरून हसले. मग सगळी पंगत हसली. त्याआधी हसण्याची कोणाची छाती होती?

नवे बिरुद रद्द झाले, मास्तर सुटले, आवडीला सोन्याचे कडे मिळाले. तिने लगेच अर्ज केला की, यापुढे आधी पाणी, मग बिरुदे. राजेसाहेब म्हणाले, "रास्त आहे." कारभाऱ्यांनी शेरा मारला की, तहान कोणालाही लागते, बिरुदे फक्त सरकारांना आहेत, सबब फेरविचार व्हावा.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.