कुलगुरूंच्या तीन अटी

"मंचावर माझ्याशेजारी कुणी हातवारे करत उभं राहायचं नाही. माझ्या चेहऱ्यावर अक्षरं नाचायची नाहीत. आणि भाषण आधी कुणाला लिहून मिळणार नाही, मी उत्स्फूर्त बोलतो." कुलगुरू डॉ. त्रिंबकराव देशभ्रतार यांनी तीन बोटं दाखवली. "एवढं सांभाळून ज्यांना ऐकू येत नाही त्यांना माझा शब्द न् शब्द कळवता येत असेल, तर खुशाल कळवा!"

पदवीदान चार दिवसांवर आलं होतं आणि ते घरबसल्या मोबाइलवर थेट दिसणार होतं. वनस्पतिशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेल्या निशिगंधा वाघचौरेने अर्ज केला होता: 'माझ्या आईवडिलांना ऐकू येत नाही. गेल्या वर्षी त्यांना दोन तास नुसते हलणारे ओठ दिसले. यंदा तरी काही करा.'

अधिकारी आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. तेवढ्यात माइकची वायर गुंडाळणाऱ्या अनसूया खरमाटे म्हणाल्या, "करते मी, साहेब."

अनसूयाबाई सभागृहाच्या परिचर. अकरा वर्षं तिथले माइक आणि दिवे त्याच सांभाळत होत्या.

"तुम्ही?" साहेबांना गंमत वाटली. "जमलं तर मागाल ते देईन. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही."

"चालेल. फक्त चौथी अट घालू नका."

बाहेर येताच त्या कामाला लागल्या. बधिर विद्यालयातल्या एक बाई खुणांच्या भाषेत भाषण सांगायला तयार झाल्या. कचेरीतल्या पद्मजाताई टाइप करायला बसणार होत्या. त्यांचा हात विजेसारखा चाले. पण त्यांनीच हात टेकले. "साहेबांचं बोलणं म्हणजे उतारावरची गाडी, अनसूया. तिसऱ्या वाक्याला मी मागे पडते. त्यांना थांबवणार कोण?"

अनसूयाबाई विचारात पडल्या. साहेब एकाच गोष्टीसाठी थांबतात, हे त्यांनी अकरा वर्षं पाहिलं होतं. टाळ्यांसाठी.

समारंभाच्या दिवशी भाषणाच्या टेबलावर एक छोटा लाल दिवा होता.

"हा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"हा लागला की तुमचं वाक्य घराघरात पोचतंय असं समजायचं, साहेब. विझेपर्यंत थांबलात तर नीट पोचेल."

साहेबांनी फेटा सारखा केला. पहिल्या दोन वाक्यांनंतर दिवा लागला. साहेब थांबले आणि घराघरातल्या टाळ्या ऐकू आल्यासारखे दूरवर बघत मंद हसले. दिवा विझला, साहेब सुटले. पुन्हा लागला, पुन्हा हसले. वीस मिनिटांचं भाषण पस्तीस मिनिटं चाललं आणि सभागृहात बसलेले प्राध्यापक एकमेकांना सांगू लागले की साहेब काय म्हणतात ते आज प्रथमच समजलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते चित्रण पाहिलं आणि बाईंना बोलावून घेतलं. पडद्यावर वर साहेब, बाजूच्या चौकटीत खुणा करणाऱ्या शिक्षिका आणि खाली काळ्या पट्टीवर ठळक अक्षरं.

"माझ्या अटी मोडल्यात तुम्ही!"

"कुठली मोडली, साहेब? मंचावर तुम्ही एकटेच होतात. त्या बाई मागच्या खोलीत उभ्या होत्या."

"आणि ही अक्षरं?"

"ती तुमच्या चेहऱ्यावर कुठे आहेत? तुमचा चेहरा अक्षरांच्या वर ठेवलाय."

"मग भाषण आधी कुणाला मिळालं?"

"कुणालाच नाही. तुम्ही थांबत होतात, तेवढ्यात पद्मजाताई टाइप करत होत्या. दिव्याचं बटण त्यांच्याच हाताशी होतं."

साहेबांचे कान लाल झाले. ते काही बोलायच्या आत बाईंनी मोबाइल पुढे धरला. निशिगंधाने आईवडिलांचं चित्रण पाठवलं होतं. दोघं हात उंच करून सगळी बोटं थरथरवत होते.

"हे काय करताहेत?"

"टाळ्या वाजवताहेत, साहेब. तुमच्यासाठी."

साहेबांनी ते दोनदा पाहिलं. मग खुर्ची करकरेपर्यंत हसले. "फसवलंत मला! मागा, काय हवं ते."

"समारंभाची आखणी करणाऱ्या समितीत मला घ्या."

"घेतलं. सोमवारी बैठक आहे, तिसऱ्या मजल्यावर."

"तळमजल्यावर घ्या, साहेब. लिफ्ट बंद आहे आणि मी ग्रंथालयातल्या घारपुऱ्यांना आणणार आहे. ते चाकाच्या खुर्चीवरून येतात."

साहेबांना पुन्हा हसू फुटलं. हसतहसतच त्यांनी फोन उचलला. "सोमवारची बैठक तळमजल्यावर. हो, समितीचा हुकूम आहे."