वाट्यांचा मान

"बाबा, पहिला तीर कोणाचा, एवढंच सांगा. बाकी मला कुणाशी काही बोलायचं नाही."

धावजीला धाप लागली होती. टेपावर, वाडीवरच्या त्या टेकाडावर, गोमाबाबांच्या झोपडीसमोर सांबर आणून टाकलं होतं. दोन्ही वाड्यांची माणसं भोवती बसली होती, आणि सगळ्यांचे डोळे बाबांकडे.

बाबा ओट्यावर बसून मांडीवर दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाचा होता?"

"माझा."

"मग झालं की."

"झालं कुठे? ह्या कमळूदादांना पटलं पाहिजे ना."

एके काळी त्या डोंगरांत गोमाबाबांच्या तोडीचा शिकारी नव्हता. पुढे एक दिवस त्यांनी आपला तीरकमठा वाघोबाच्या देवळात टांगला आणि टेपावर येऊन राहिले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. पण कमठा धरायला शिकायचं तर टेपावर जायचं, आणि शिकारीवरून भांडण झालं तरी टेपावरच यायचं, असा रिवाज पडला होता.

धावजी त्यांचा चेला. त्याचा नेम चांगला होता, हे खरं. पण ते त्याने स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं की खरं असूनही लोकांना शंका यायला लागली होती.

कमळू शेजारच्या वाडीचा. वयाने मोठा, बोलायला कमी.

"पहिला तीर ह्याचाच, बाबा," तो म्हणाला. "मागच्या पुठ्ठ्यात लागलाय. मी कुठे नाही म्हणतो? पण जनावर ओढ्यात उतरलं, माग तुटला, आणि हा गडी झाडाखाली बसला शिदोरी सोडून. मी पलीकडच्या काठाला रक्त हुडकलं. तसाच डोंगर चढलो, उतरलो. तर ते बिचारं एका जागी उभं, नुसतं थरथरतंय. मानेत तीर घातला आणि सोडवलं त्याला."

"रिवाज काय आहे?" धावजी तडकला. "पहिलं रक्त ज्याचं, वाटे त्याच्या हातचे. त्यात माझी शिदोरी कुठे आली?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

आता हे वाट्यांचं काय, ते सांगायला हवं. शिकार कधी एकट्याची नसायची. रान उठवणारे हाकारे, घरी बसलेली म्हातारी माणसं, कुत्री, एवढंच काय, वाटेने जाता जाता थबकलेला वाटसरू, सगळ्यांना वाटा. पहिला वाटा रानाचा, तो वाघोबापुढे ठेवायचा. मांसाच्या बाबतीत कुणी उपाशी नाही आणि कुणी मालक नाही. पण पानं मांडून वाटे पाडायचे कुणी, ह्यात सगळा मान. ज्याच्या हातून एकदा वाटे पडले, तो शिकारी. तोवर मिशीला पीळ द्या नाहीतर छाती काढून चाला, लोक 'पोर'च म्हणणार.

धावजीच्या बरोबरीच्या सगळ्यांचे वाटे पाडून झाले होते. त्याला कालपर्यंत लोक पोर म्हणत होते. हे त्याच्या मनाला फार लागलं होतं, आणि आज तो मान हाताशी आला असताना तो कमळूला काय, कुणालाच द्यायला तयार नव्हता.

त्याने सांबराच्या पुठ्ठ्यातल्या तिराकडे बोट दाखवलं. तिराच्या पिसांवर ज्याचा त्याचा दोरा बांधलेला असे. धावजीचा दोरा तांबडा आणि काळा, पीळ घातलेला.

"ही खूण कोणाची, सगळ्यांना ठाऊक आहे. खूण माझी, म्हणजे जनावर माझं."

बाबांचा हात थांबला.

"खूण तुझी, म्हणजे जनावर तुझं..."

"हो."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"तर मग तुझंच. वाटे तू पाड."

कमळूने एक सुस्कारा सोडला आणि मान डोलावली. बाबांचा शब्द म्हणजे शब्द. धावजीचा चेहरा असा फुलला की त्याच्यावर राग धरून असलेल्यांनाही बघून बरं वाटलं. त्याने कोयत्यासाठी हात पुढे केला.

"थांब," बाबा दोर बाजूला ठेवून उठले. "आधी मागल्या अंगाला ये. तुझं आणखी एक जनावर माझ्याकडे पडून आहे. तेही घेऊन जा."

झोपडीमागे कारवीच्या काठ्यांचा लहानसा कूड घातला होता. आत एक भेकर उभं होतं. मादी, अंगाने बारीक. मागचा एक पाय तिने जमिनीला नुसता टेकवल्यासारखा ठेवला होता. मांडीवर हळदीचा लेप.

बाबांनी छपराच्या वाशातून काहीतरी ओढून काढलं आणि धावजीच्या हातावर ठेवलं.

तिराचा मोडका तुकडा. पिसांवर दोरा, तांबडा आणि काळा.

"ही खूण कोणाची?"

धावजीच्या कानशिलांना चटका बसला. दसऱ्याच्या आधीची ती दुपार त्याला सगळी आठवली. ओढ्यावर हे भेकर पाणी पीत होतं, आणि त्याने फार लांबून तीर टाकला होता. लागला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पुढे काटेरी जाळी, वरून ऊन आणि पोटात भूक. वाडीत येऊन त्याने सांगितलं, तीर वाया गेला. आणि दोन-चारदा सांगितल्यावर त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.



"तुझी नसेल तर नाही म्हण," बाबा अगदी साधेपणाने म्हणाले. "मी बाहेर कुणाजवळ बोलणार नाही. तू जा, खुशाल वाटे पाड."

बाबांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धावजीला वाटलं. शिव्यांना उत्तर देता येतं.

नाही म्हणावं, तर हाच दोरा बाहेर सांबराच्या अंगात होता. एकाच दोऱ्याला इथे नाही आणि तिथे हो कसं म्हणायचं? आणि हो म्हणावं, तर दसऱ्यापासून हे मुकं जनावर कुणाच्या पायी लंगडतंय ते कबूल करायचं. मग वाट्यांना हात कुठल्या तोंडाने लावायचा?

भेकराने त्याच्याकडे पाहिलं. राग नाही, काही नाही. कान तेवढे हलले.

बाहेरून कुणाची तरी हाक आली, "अरे धावज्या, पानं मांडलीत. येतोस ना?"

धावजीने तुकड्यावरचा दोरा अंगठ्याने चाचपला.

"माझी," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"खूण माझी, बाबा. तीर माझा."

बाबांनी कुडावरचा विळा काढून त्याच्या हातात दिला.

"पाला संपलाय," ते म्हणाले.

"आणतो. आधी बाहेरचं उरकून येतो."

बाहेर येऊन तो पानांशी बसला नाही. उभ्या उभ्याच बोलला, आणि बोलताना सगळा वेळ जमिनीकडे बघत होता. "वाटे कमळूदादांनी पाडावेत. मी दसऱ्याच्या आधी एक जनावर लंगडं करून सोडून आलो, आणि तुम्हाला सांगितलं तीर वाया गेला. आज कमळूदादा नसते तर हेही तसंच कुठेतरी उभं राहिलं असतं."

मग एक म्हातारा म्हणाला, "तरीच. आपला नेम चुकला असं हा आपल्या तोंडाने सांगतोय, तेव्हाच मला नवल वाटलं होतं."

सगळे हसले. हसण्यात विखार नव्हता, पण धावजीला ते झोंबलं. कमळूने मात्र हसू आवरलं आणि पानांशी बसला. पहिला वाटा रानाचा काढला. दुसरा उचलून त्याने धावजीच्या हातात ठेवला, आणि हळूच म्हणाला, "घे. पाला आणायला जायचंय ना, खाऊन जा."

त्या दिवसापासून धावजी सकाळी आणि सांजेला टेपावर जायला लागला. पाला कापायचा, पाणी भरायचं, जखम कोमट पाण्याने धुऊन हळद भरायची. पहिल्यांदा तो कुडाजवळ आला की भेकर अंग चोरून कोपऱ्यात जायचं, आणि धावजीला वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे. बाबा तिकडे दोर वळत बसलेले असायचे. मदत करायचे नाहीत, बोलायचे नाहीत.

"काय रे," आई घरी म्हणायची, "आई जेवली का म्हणून जन्मात विचारलं नाहीस, आणि त्या हरणाला पाला गोड लागला का बघायला टेप चढतोस. सून आणू नकोस आता, तीच आण घरात."

धावजी हसायचा. त्याचं त्यालाच कळत नव्हतं, पण हल्ली त्याला हसू लवकर यायचं.

एक दिवस भेकराने त्याच्या हातातला पाला खाल्ला. ओलं नाक तळहाताला लागलं. तो हात न हलवता तसाच बसून राहिला, पायाला मुंग्या आल्या तरी उठला नाही. त्या दिवशी घरी जाताना तो वाटेत एकटाच गाणं म्हणत होता, आणि गळा नसताना म्हणत होता.

पळस फुलायला लागले तेव्हा भेकर चारी पायांवर नीट चालू लागलं. थोडी लचक राहिली, पण पळता येत होतं.

"बाबा," धावजीने विचारलं, "आता हे कोणाचं?"

"मला काय विचारतोस? त्यालाच विचार."

धावजीने कुडाचं दार काढलं. भेकर दाराशी आलं, थांबलं, हवेत नाक फिरवलं, आणि दोन उड्यांत कारवीत शिरलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"काय म्हणालं?"

धावजी हसला. "काही नाही, बाबा."

मग शिमगा आला. शिमग्याची शिकार म्हणजे सगळ्या वाडीची. हाकाऱ्यांनी रान उठवलं, आणि नेमकं सांबर निघालं ते धावजीच्या वाटेने. पण लांबून, झाडांच्या आडोशाने, अंग अर्धं दिसणारं, अर्धं न दिसणारं. तीर लागला असता. धावजीचा तीर लागलाच असता. पण कुठे लागला असता, ते सांगता आलं नसतं.

त्याने कमठा ओढला... आणि तसाच सावकाश सैल सोडला.

सांबर खिंडीतून पलीकडे गेलं. दिवसभरात दुसरं काही निघालं नाही.

दिवस कलताना सगळे टेपावर परतले, रिकामे. चूल पेटवून ठेवली होती, पळसाची पानं धुऊन ओळीने मांडली होती. म्हातारी माणसं आशेने येऊन बसली होती. कमळूच्या वाडीची मंडळीही आली होती.

"सांबर नाकासमोरून गेलं, आणि आमच्या शिकाऱ्याने त्याला हात जोडले," एकजण म्हणाला.

"लांब होतं," धावजी म्हणाला. त्याला राग आला नाही, ह्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. वाईट एवढंच वाटलं, की म्हातारी माणसं उगाच ताटकळली.

गोमाबाबा ओट्यावरून उठले. मांडलेल्या पानांपर्यंत आले. जिथे वाटे पाडणारा बसतो तिथली जागा त्यांनी स्वतःच्या हाताने झाडली, आणि अंगावरची घोंगडी काढून तिथे अंथरली.

"धावजी," त्यांनी हाक मारली. धावज्या नाही, धावजी. "काय आणलंस?"

"काही नाही, बाबा."

"आणि मागे रानात जखमी काही सोडून आलास?"

"नाही..."

बाबांनी घोंगडीकडे बोट दाखवलं.

"मग बस. सगळ्यांना पुरेल. वाटे पाड."